लुसाका : खडकावरची राजधानी

लुसाका १९३५ साली राजधानी झाले, तेव्हा झाडांच्या सावलीतले टुमदार उद्यान-नगर म्हणून त्याची आखणी झाली होती. झांबियाच्या या शहरात आज सर्वाधिक गजबज असते ती कैरो रोडवर. तेथून पश्चिमेला वळले, की कन्यामा लागते. पोटापाण्यासाठी आलेल्यांची ही दाट वस्ती.

येथे थोडे खणताच चुनखडीचा खडक लागतो. त्यामुळे शौचाचे खड्डे उथळ, गटारे खणणे महाग, आणि जवळच उघडी विहीर! पावसाळ्यात दोन्ही पाणी एक होते आणि कॉलरा दारात उभा राहतो.

ऑक्टोबर २०२३ पासूनच्या साथीत देशात ७०० हून अधिक माणसे दगावली. फुटबॉलच्या हीरोज स्टेडियममध्ये रुग्णांच्या खाटा पडल्या. जानेवारी २०२४ मध्ये शाळा उघडल्याच नाहीत. मग लस टोचावी न लागता तोंडावाटे दिली गेली, घरोघर क्लोरीन पोहोचले, साथ ओसरली.

खडक मात्र तेथेच आहे. सार्वजनिक नळावर बादलीमागे पैसे पडतात. विहिरीचे पाणी फुकट. हातावर पोट असलेल्या बाईला रोज यातून निवड करावी लागते. नळाचे पाणी तिच्या आवाक्यात येईल, तेव्हाच पहिल्या पावसाची धास्ती संपेल.