जॉन्सन व्हॅलीतील फटफटी

कॅलिफोर्नियाला जाऊन आलेला आपल्याकडचा माणूस डिस्नेलँडच्या आणि समुद्रकिनाऱ्याच्या गोष्टी सांगतो. मला त्यांतले काहीच सांगता येणार नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात मी तेथे तीन आठवडे होतो आणि त्यांतील बहुतेक दिवस फॉन्टाना या गावातील एका गॅरेजात गेले. इंदूरच्या ताईने निघताना माझ्यावर एक कामगिरी सोपवली होती. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिकडे वाळवंटात फटफटी उडवतो, आणि आता जुन्या गाडीत दुप्पट मोठे इंजिन बसवण्याचे खूळ त्याच्या डोक्यात शिरले आहे. "तू त्याचा मामा आहेस, आणि इंजिनांतले तुला कळते. त्याला तेवढे सोडायला लाव," असे ती म्हणाली होती. वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यात कारखान्याच्या तपासणी खात्यात मी चौतीस वर्षे काढली असल्यामुळे घरात माझ्याविषयी असा एक समज आहे.

फॉन्टाना हे गाव लॉस एंजेलिसच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशी आहे. १९४२ मध्ये युद्धनौकांना पोलाद पुरवण्यासाठी येथे कैसर स्टीलचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि १९८३ मध्ये तो बंद पडला. पुढे त्याचा काही भाग सुटा करून चीनला नेण्यात आला. आज त्या भागात मालाची कोठारे आणि ट्रकांच्या रांगाच दिसतात. भाच्याचे शेजारी त्या कारखान्यात वेल्डर होते. वय पंचाहत्तरीच्या पलीकडे, बोलणे मोजके, डाव्या गुडघ्यात थोडे लंगडणे. तारुण्यात ते वाळवंटातील शर्यतींत उतरत असत. भाच्याच्या खुळाला खतपाणी त्यांचेच होते, आणि ताईचा राग खरे म्हणजे त्यांच्यावर होता.

आता हे खूळ काय, ते सांगितले पाहिजे. होंडाची सीआर ५०० ही डर्ट बाइक १९८४ पासून २००१ पर्यंत बनत होती. एकच सिलिंडर, ८९ मिलिमीटर व्यास, ७९ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे ४९१ सीसी, आणि तोही टू-स्ट्रोक. माझ्या तरुणपणीच्या जावाचा व्यास होता ६५ आणि स्ट्रोक ७५. ती २५० सीसीची गाडीसुद्धा रावपुऱ्यातून जाताना लोक वळून पाहत. दुप्पट घनफळाचे असे इंजिन शंभर किलोंच्या आसपासच्या गाडीत बसवलेले असले म्हणजे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पण अमेरिकेत ५०० सीसीची राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा १९९३ नंतर बंद झाली, आणि होंडानेही या इंजिनावर नवा पैसा खर्च करणे थांबवले. १९९७ मध्ये तिच्या २५० सीसीच्या बहिणीला ॲल्युमिनियमचा नवा सांगाडा मिळाला. थोरलीला तो कधीच मिळाला नाही. जुन्या पोलादी सांगाड्यातच तिने दिवस काढले. १९९८ मध्ये यामाहाने ४०० सीसीची फोर-स्ट्रोक डर्ट बाइक बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत सगळे कारखाने त्या वाटेने गेले. कावासाकीची ५०० सीसीची टू-स्ट्रोकही २००४ मध्ये थांबली.

राहिले ते हौशी लोक. त्यांनी जुने मोठे इंजिन नव्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात बसवण्यास सुरुवात केली. नवी स्प्रिंगे, नवे ब्रेक, आणि मधोमध जुने, आडदांड हृदय. काही लहान कार्यशाळांनी हा व्यवसायही केला. भाच्याने मात्र २००५ सालच्या सीआर २५० चा सांगाडा आणि एक जुने ५०० चे इंजिन वेगवेगळे मिळवून स्वतःच्या हाताने हे लग्न लावायचे ठरवले होते.

लग्न म्हणायचे, पण दोन्हीकडची मापे जुळत नव्हती. मोठे इंजिन उंच. सिलिंडरचे डोके वरच्या तुळईला भिडते आणि पोट खालच्या पाळण्यात मावत नाही. त्यामुळे सांगाड्याचा पुढून उतरणारा खालचा भाग कापून तो पुढे-खाली नव्याने घडवावा लागतो. होंडात मागचा हात ज्या बोल्टावर हलतो तो बोल्ट इंजिनाच्या कवचातूनही जातो, म्हणून तेथील रुंदी केसभरही चुकून चालत नाही. पुढच्या दातचक्राची आणि मागच्या दातचक्राची रेघ जुळली नाही तर साखळी एका बाजूने झिजते आणि नको त्या वेळी उडते. कार्बुरेटरचे तोंड हवेच्या पेटीकडे वळवायचे, रेडिएटर बाजूला सारायचे, किकचा दांडा पायटेकणीवर आपटत नाही हे पाहायचे. आणि सर्वांत अवघड ते धुराड्याचे पोट.

या पोटाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. टू-स्ट्रोकला झडपा नसतात. ताजे मिश्रण आत येताना त्यातले काही जळण्याआधीच धुराड्यातून निसटते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातील वाल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात धुराड्याला असा आकार दिला की, बाहेर पडणाऱ्या दाबाची लाट पुढच्या निमुळत्या भागावरून उलटून येते आणि निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीनंतर त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या सुझुकीकडे पोहोचली; पुढच्याच वर्षी त्याने ५० सीसीचे जगज्जेतेपद सुझुकीला मिळवून दिले. तेव्हा गॅरेजात एखादे धुराडे दोन बोटे वाकवावे लागले की केवळ पत्रा वाकत नाही. लाटेच्या येण्याजाण्याची वेळही बदलते. भाच्याने तीन धुराडी वाया घालवली होती. ती भिंतीवर ओळीने टांगलेली होती, मोठ्या दुध्या भोपळ्यांसारखी.

मी पोहोचलो तेव्हा इंजिन बसले होते. गाडी लाल, सुबक आणि खरोखर देखणी दिसत होती. तिला पाहून ताईचा निरोप माझ्या ओठांवरच राहिला, हे कबूल करतो. मग भाच्याने किक मारली. पहिल्या दोन वेळा दांडा उलट उसळला. तिसऱ्या वेळी ते इंजिन जे गर्जले त्याने कपाटातील पाने खडखडली. निळा धूर पसरला आणि त्या वासाबरोबर मी क्षणात वडोदऱ्याच्या पेट्रोल पंपावर जाऊन पोहोचलो, जेथे बजाज स्कूटरवाले टाकी उघडून ऑइलचे माप ओतून घेत रांगेत उभे असत.

पण चौतीस वर्षांची सवय सुटत नाही. मी खाली बसून जोड पाहू लागलो. या इंजिनात तोलदंड नाही; एकट्या मोठ्या दट्ट्याचा सगळा हिसका सांगाड्याला सोसावा लागतो, आणि ॲल्युमिनियमचा असा सांगाडा पोलादी सांगाड्यासारखा लवचिक नसतो. सिलिंडरच्या डोक्याला तुळईशी बांधणारा जो छोटा आधार असतो, त्याच्या वेल्डच्या शेपटाशी मला एक खळगा दिसला. डोळ्यांना तडा दिसत नव्हता. मी भाच्याला म्हणालो, "अरे, लाल रंग आणि पांढरी पूड मिळेल का तुमच्या गावात?"

आमच्या कारखान्यात ही परीक्षा रोजची होती. जागा स्वच्छ करून लाल द्रव फवारायचा, दहा मिनिटे थांबायचे, पुसून काढायचा आणि वर पांढरा थर द्यायचा. तडा असेल तर त्यात शिरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे आले. पांढऱ्या थरावर, आधाराच्या कडेला, सुमारे पंधरा मिलिमीटर लांबीची लाल रेघ हळूहळू उमटली. कोणी काही बोलले नाही. वेल्ड शेजाऱ्यांचे होते.

म्हातारबुवा बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. मग चष्मा काढून त्यांनी भाच्याला जे सांगितले, त्याचा मथितार्थ असा की, आयुष्य पोलाद जोडण्यात गेले, त्यामुळे हात पोलादाचाच राहिला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या अंगावरचा गंज वितळायला २००० अंशांहून अधिक उष्णता लागते. धातू आतून पाणी होतो आणि वर कातडी तशीच राहते. जोड संपताना विद्युत्प्रवाह एकदम तोडला की शेवटी खळगा पडतो आणि निवताना तेथूनच चीर जाते. प्रवाह पायाने हळूहळू कमी करत आणायला हवा होता. "घाई केली," एवढाच शब्द त्यांनी स्वतःविषयी वापरला. तीन दिवस खपून त्यांनी तो जोड मुळापासून घासून काढला आणि पुन्हा केला. आणि प्रत्येक जोडाची परीक्षा माझ्याकडून करवून घेतली. इंग्रजी मला बेताचेच येते, त्यांना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. पण लाल रंगाच्या डब्यावर आमचे चांगले जमले.

त्या तीन दिवसांत ताईचा निरोप सांगण्याची संधी मला अनेकदा आली होती. एका रात्री मी तो सांगितलाही. भाचा म्हणाला, "मामा, आई म्हणते म्हणून मी ही विकली, तर घेणारा मनुष्य हा जोड तपासणार आहे का?" मला उत्तर सुचले नाही. हे उत्तर नव्हेच, पळवाट आहे, असे आता वाटते. पण त्या वेळी सुचले नाही खरे.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. काहोन खिंडीतून रस्ता साडेबाराशे मीटरांहून अधिक उंच चढतो. शेजारून मैल मैल लांबीच्या मालगाड्या कण्हत चढत असतात. पलीकडे मोहावीचे वाळवंट. व्हिक्टरव्हिलहून पूर्वेला ल्युसर्न व्हॅली आणि तिच्याही पुढे जॉन्सन व्हॅली. वाळवंट म्हटले की आपल्याला जैसलमेरच्या वाळूच्या लाटा आठवतात. येथे खडे, करड्या टेकड्या, कोरड्या तळ्यांची पांढरी भेगाळलेली तळे, आणि क्रिओसोट नावाची काटकुळी झुडपे. या झुडपांना तुच्छ लेखू नये. याच भागात त्यांचे एक लंबवर्तुळाकार कडे आहे. एकाच मुळापासून बाहेर बाहेर पसरत गेलेले, लांबीला सुमारे २० मीटर. त्याचे वय ११,७०० वर्षे असावे असा अंदाज वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक व्हॅसेक यांनी १९८० मध्ये मांडला. जमीनही येथे स्वस्थ नसते. २८ जून १९९२ च्या ७.३ तीव्रतेच्या भूकंपात या खोऱ्यातून जाणारी भेग फाटली होती.

जॉन्सन व्हॅलीत सरकारनेच अशा गाड्यांसाठी मैदान राखून ठेवले आहे. पूर्वी ते बरेच मोठे होते, २०१३ च्या कायद्याने त्याचा मोठा भाग शेजारच्या नौसैनिक तळाकडे गेला. उरलेल्यातही नियम आहेत. धुराड्याला ठिणगी अडवणारी जाळी हवी, आवाज ९६ डेसिबेलच्या आत हवा. शेजारी तरुण असताना बार्स्टो ते लास व्हेगास अशी शर्यत होत असे. १९६७ पासून हजारो स्वार एका धुराच्या खुणेकडे तोंड करून एका रेषेत सुटत. वाळवंटी कासवाला १९९० मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि ती शर्यत १९८९ नंतर झाली नाही. त्याविषयी ते कडवटपणे बोलतील असे मला वाटले होते. त्यांनी मोटार हलवण्यापूर्वी वाकून चारही चाकांखाली पाहिले. सावलीसाठी कासव चाकाखाली येऊन बसते म्हणे. नोव्हेंबरात ती बिळात असतात; तरी पाहिले.

भाच्याने पेट्रोलमध्ये ३२ ला १ या प्रमाणात ऑइल मिसळले. माप त्याने माझ्या हातात दिले आणि मी ओतले. मग शिरस्त्राण, छातीवरचे कवच, गुडघ्यांचे टोप. पहिली चक्कर सावकाश, दुसरी थोडी वेगाने. तिसऱ्या वेळी कोरड्या तळ्याच्या पांढऱ्या पटावर त्याने मूठ पिळली आणि मागे धुळीची एक भिंतच उभी राहिली. आवाज आमच्यापर्यंत उशिरा येत होता. तो ठिपक्याएवढा झाला, टेकडीआड गेला आणि आवाज बंद झाला. शेजारी उभे राहिले. मीही उभा राहिलो. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. घड्याळ पाहायचे मला सुचले नाही. मग टेकडीच्या दुसऱ्या अंगाने धूळ दिसली.

परत आल्यावर त्याचे हात कोपरापर्यंत थरथरत होते. त्या इंजिनाच्या हिसक्याने. मी काही विचारण्याआधीच त्याने सीट काढली, आधार पुसला आणि लाल डबा पुढे केला. दहा मिनिटे आम्ही तिघे जमिनीवर बसून राहिलो. पांढरा थर पांढराच राहिला.

रात्री ताईला फोन केला. गाडी सोडवणे माझ्याच्याने झाले नाही, हे सांगितले. जोडात तडा सापडला होता, तेही लपवले नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते रंगाचे डबे त्याच्याजवळ ठेवूनच येणार आहेस ना?"