तांबडी माती आणि लेझमीचा ताल



मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला जायची गंमत मी तुम्हांला सांगायला नको. पण मामाची काय अवस्था होते, ते कधी विचारलंय का? मी मामा आहे, म्हणून विचारतो! गेल्या सुट्टीत माझी सहावीतली भाची पुण्याहून कराडला आली. येताना आंबे नाही, खाऊ नाही, तर सुट्टीचा अभ्यास घेऊन आली. प्रश्न दोनच होते. पहिला : एका मराठी खेळाडूची माहिती लिहा. दुसरा : एका लोकनृत्याची माहिती लिहा.

"मामा, तुझा मोबाइल दे. दहा मिनिटांत उतरवून काढते," ती म्हणाली.

"उतरवून काढायचं तर पुण्यातच काढायचं होतंस. इथं आलीस ना? मग चल, पाहून लिहू," मी म्हणालो. "कुठलं नृत्य घेणार? लेझीम घे की."

तिचा चेहरा एकदम उतरला. "लेझीम नको. सव्वीस जानेवारीला माझा ताल चुकत होता, म्हणून मला गटातून काढलं. मी परत कधीच लेझीम हातात धरणार नाही."

मी गप्प बसलो. कारण मुलांनो, मी स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. संचलनाच्या आधी चुकणाऱ्या मुलांच्या हातातली लेझीम काढून घेऊन "तू टाळ्या वाजव" असं मीही किती जणांना सांगितलंय! पण ते काही मी तिला तेव्हा बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात. दोन नद्या अशा एकमेकींच्या पुढ्यात येऊन मिळताना क्वचितच दिसतात. तिथंच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. नमस्कार करून आम्ही स्कूटर काढली आणि गोळेश्वरला निघालो. गोळेश्वर म्हणजे कराडला लागूनच असलेलं गाव. उसाची शेतं, विहिरी, गोठे. आपल्याकडच्या कुठल्याही गावासारखं. पण या गावात एक घर आहे, त्याचं नाव 'ऑलिम्पिक निवास'!

हे घर खाशाबा जाधवांचं. १५ जानेवारी १९२६ रोजी ते याच गावात जन्मले. वडील दादासाहेब पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. अंगानं किरकोळ, पण चपळाई अशी, की समोरचा धिप्पाड गडी पकडायला जाईपर्यंत हे निसटून त्याच्या पाठीवर!

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिम्पिकला गेले. आजवर मातीत खेळलेले खाशाबा तिथं गादीवर उतरले. नियमही वेगळे. ते सहावे आले.

"सहावे? मग पदक नाहीच मिळालं," भाची म्हणाली.

"नाही. पण त्यांनी कुस्ती सोडली नाही. गादीवरचे डाव आणि ते नियम शिकायचे, असं त्यांनी ठरवलं."

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंडमधल्या हेलसिंकीला ऑलिम्पिक होतं. जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले होते. तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा शिक्षक! हे वाक्य सांगताना माझा आवाज जरा बारीक झाला, ते भाचीच्या लक्षात आलं असावं.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या इशीशी कुस्ती झाली. ती लांबली आणि खाशाबा हरले. खरं तर दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण लगेच सोव्हिएत मल्लाशी खेळायला सांगितलं गेलं. आपल्या बाजूनं बोलायला एकही भारतीय अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. तरीही कांस्यपदक त्यांचंच झालं! स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळालं ते हे पहिलं. दुसरं पदक टेनिसपटू लिअँडर पेसनं अटलांटाला मिळवलं, ते १९९६ साली. म्हणजे मध्ये किती वर्षं गेली? करा बघू वजाबाकी!

परत आल्यावर बैलगाड्यांची ही मोठी मिरवणूक निघाली. आणि नंतर खाशाबांनी काय केलं असेल? कोल्हापुरात कुस्त्या ठेवल्या, त्यात मिळालेल्या पैशांतून खर्डेकर सरांचं गहाण घर सोडवून दिलं. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीला लागले. १९८४ साली अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

भाचीनं घराच्या पाटीकडं पुन्हा एकदा पाहिलं आणि वहीत पहिलं वाक्य लिहिलं : 'पहिल्या वेळी ते सहावे आले होते.'

तिसऱ्या दिवशी लाल एसटीनं कोल्हापूर गाठलं. आधी अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ (भाचीनं दोन ग्लास पाणी आणि डोळ्यांतून तेवढंच!), आणि मग खासबाग मैदान.

खासबाग मैदान म्हणजे काय, ते आत गेल्याशिवाय कळत नाही. मोठ्या वाडग्यासारखा त्याचा आकार आहे. मध्ये तांबड्या मातीचा आखाडा आणि सभोवती उतरत आलेली बसायची जागा. कुठंही बसा, मधली कुस्ती दिसते. पुढच्याचं डोकं आड येत नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा रोममधलं जुनं मैदान त्यांनी पाहिलं. असं मैदान आपल्या मल्लांना हवं, हे त्यांच्या मनानं घेतलं आणि १९१२ साली खासबाग उभं राहिलं. शेजारीच त्यांनी नाट्यगृह बांधलं, तेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला मोठी आग लागली, तेव्हा कितीतरी कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. कुस्ती आणि कला यांना एकमेकींच्या शेजारी जागा देणारा राजा होता तो!

"पण मामा, नृत्याचं काय?" भाचीनं विचारलं.

"चल, तेही दाखवतो."

संध्याकाळी आम्ही एका जुन्या तालमीत गेलो. बाहेर चपला काढल्या. आत मारुतीची तसबीर, उदबत्तीचा वास आणि हौद्यातली तांबडी माती. ही माती नुसती माती नसते बरं का! तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल असं काय काय मुरवलेलं असतं, म्हणून ती मऊ राहते. हौद्यात मुली उतरत नाहीत, असा त्या तालमीचा जुना रिवाज. म्हणून भाची कट्ट्यावर बसली. तिचं तोंड फुगलं. मी तिला सांगितलं, की २०१६ साली साक्षी मलिकनं ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचं पदक मिळवलं आणि २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. रिवाज माणसंच पाडतात आणि माणसंच बदलतात.

भिंतीवरच्या खुंटीला एक लेझीम टांगलेली होती. शाळेतल्यासारखी हलकी नव्हे. जाड लाकडी दांडा, लोखंडी साखळी, भारी चकत्या. म्हातारे वस्ताद म्हणाले, "हात लावून बघ पोरी."

तिनं दोन्ही हातांनी उचलली. चार वेळा ओढली आणि दंड भरून आले!

मुलांनो, लेझीम मुळात धनुष्यासारखी. दोरीच्या जागी साखळी. ती ओढून दंड, खांदे आणि छाती कमवायची, असा हा व्यायाम. मग त्याला हलगीची साथ मिळाली, पावलं आली आणि व्यायामाचं नृत्य झालं. तुमच्या कवायतीतला 'पवित्रा' हा शब्द आठवा. तो आखाड्यातलाच! पुढं हीच लेझीम जत्रेत, मिरवणुकीत आणि शाळेच्या मैदानावर आली. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीत सात हजारांहून जास्त जणांनी एकत्र लेझीम खेळून जागतिक विक्रम केला.

"पण मला ताल जमत नाही," भाची हळूच म्हणाली. "मला काढून टाकलंय."

वस्ताद हसले. हौद्यात नुकताच चीतपट झालेला एक पोरगा माती झटकत उठत होता. त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्यो रोज पडतोय. म्हणून काय ह्याला घरी पाठवू? पडल्याबिगर कुणी पैलवान झालाय व्हय? जो पडतो त्यालाच जास्त खेळवायचं असतंय."

तालीम हा शब्द अरबी आहे, मुलांनो. त्याचा अर्थ शिक्षण. म्हणजे ती जागाही शाळाच होती. तिथं पडणाऱ्याला जास्त खेळवत होते आणि मी माझ्या शाळेत चुकणाऱ्याला टाळ्या वाजवायला बसवत होतो! परतीच्या एसटीत मी हे भाचीला सांगून टाकलं. ती थोडा वेळ माझ्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "मामा, त्या मुलांना वाईट वाटलं असेल."

"हो गं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

कोल्हापुरातून तिनं हट्टानं एक लेझीम घेतली होती. पुण्याला जाईपर्यंत माझ्या अंगणात रोज सकाळी 'चार आवाज' चालायचे. शेजारचे आजोबा वैतागले, पण आठवड्यानं तेच मोजून द्यायला लागले!

जूनमध्ये माझी शाळा उघडली. लेझमीच्या ओळी मी आता वेगळ्या पाडतो. ज्याचा ताल चुकतो तो मधे आणि नीट खेळणारे दोघं त्याच्या दोन्ही बाजूंना. एकाचीही लेझीम काढून घेत नाही. आवाज अजून एक होत नाही, चार-दोन चकत्या मागून वाजतातच. वाजू देत.

भाचीला शाळेच्या गटात परत घेतलं की नाही, ते अजून कळलेलं नाही. पण परवा फोनवर बोलताना मागं छन् छन् ऐकू येत होतं.

तुम्ही कधी कराडला आलात, तर गोळेश्वरला जरूर जा. ते घर पाहा. आणि त्या घरातला मुलगा पहिल्या वेळी सहावा आला होता, हे विसरू नका!