आईची कंबर आणि रोबो
वेचणीच्या दिवसांत गंगापुरात घरभर काळ्या मातीचा फुफाटा आणि कापसाचे तंतू. रोबो केर काढतो खरा, पण त्याच्या ब्रशला गुंडाळलेले तंतू, केस कात्रीने कापावेच लागतात. पोटाखालच्या इन्फ्रारेड सेन्सरना पायरीची कड कळते. गर्द काळी फरशी मात्र ते किरण शोषून घेते, म्हणून तिथेही खड्डा समजून तो मागे फिरतो. जुना उंच उंबरा तर त्याला चढवतच नाही.

२००२ साली अमेरिकेत रूम्बा हा केर काढणारा रोबो बाजारात आला, तेव्हा आई पहाटे वाकून सगळं घर झाडत होती. आता तिची कंबर धरते. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा आम्ही करूच. पण रोजचं वाकणं बायकांच्याच वाट्याला यावं, हे मला मुळीच पटत नाही. पलंगाखालचा केर यंत्र काढतं, उंबऱ्यापलीकडची ओसरी मी झाडतो.