तिसरी पिन
शब्द हा आकाशाचा गुण, असें नैयायिक सांगतात. ध्वनियंत्रें हाताळणाराचें रक्षण मात्र पृथ्वीच करते. धुळ्यास एका गणेशोत्सवांत मिक्सर, अॅम्प्लिफायर वगैरे यंत्रें लोखंडी रॅकमध्यें बसविलीं होतीं. स्पीकरमधून घरघर येतांच एका उत्साही तरुणानें प्लगची तिसरी पिनच काढून टाकली. घरघर थांबली, पण आमची नात त्याच मायक्रोफोनपुढें गावयास उभी होती! आंतली तार सुटून २३० व्होल्टची वीज रॅकवर उतरली असती, तर मायक्रोफोनच्या वाटेनें ती त्या पोरीच्या देहांतून भूमीकडे धांवली असती. आम्ही प्लग बदलविला, मगच तिला गाऊं दिलें.

ही घरघर बहुधा यंत्रें निरनिराळ्या ठिकाणीं भूमीशीं जोडल्यानें उद्भवते. म्हणून रॅकसह सर्व यंत्रें एकाच अर्थिंगला जोडावीं. तरीही आवाज उरल्यास ध्वनीच्या तारेंत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. पिनेस हात लावूं नये. गळती होतांच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही असावा.

खानदेशची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि कोरडें अर्थिंग कुचकामी ठरतें. जळगांवच्या घरीं आम्ही तुळशीबरोबर अर्थिंगच्या खड्ड्यासही पाणी घालतों. सुना हंसतात, हंसोत बापड्या!