घराची हद्द

कुत्र्याला घराची शिस्त लावायची म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक गृहस्थ 'त्याला बाहेर जायला शिकवायचे' असे उत्तर देतील. माझे मत थोडे निराळे आहे. बाहेर काय करायचे हे कुत्र्याला पुरते ठाऊक असते. त्याला कळत नाही ते एवढेच, की घर कोठे संपते आणि बाहेर कोठे सुरू होते.

मोत्या आमच्याकडे आला तो चांगला चार वर्षांचा, संसारी वयाचा. माझे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी निघाले. त्यांच्या वाड्याच्या अंगणात वाढलेला हा गावठी जीव कोणाच्या तरी पदरात टाकणे त्यांना भाग होते. तो पदर आमचा निघाला. अंगणातल्या मातीवरून मोत्या एकदम पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गुळगुळीत फरशीवर आला. पहिल्या दिवशी त्याने दिवाणखान्यातली सतरंजी पावन केली, दुसऱ्या दिवशी पायपुसणे आणि तिसऱ्या दिवशी, आता सांगितलेच पाहिजे, आईची तुळस!

ही तुळस साधी नव्हे. दोन वर्षांपूर्वी वाईचे घर विकून आई आमच्याकडे आली, तेव्हा परसातली माती तिने पिशवीत भरून आणली होती. ती त्या कुंडीत होती. आईने आरडाओरडा केला नाही. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत हा सुधारला तर ठीक, नाहीतर मला वाईच्या गाडीत बसवून दे. तुमचं घर आहे, तुम्ही ठरवा."

हे 'तुमचं घर' आम्ही दोन वर्षे ऐकत होतो. 'तुमचा नळ गळतोय', 'तुमची साखर संपली.' वाईला आता तिचे कोणी उरले नव्हते, हे तिलाही माहीत होते.

मोत्याचा गुन्हा तपासला तर त्यात गुन्हा नव्हताच. पिलू लहानपणी ज्या पृष्ठभागावर आपला विधी उरकते, तसलाच स्पर्श ते पुढे पायांनी शोधत राहते. सतरंजी, पायपुसणे, कुंडीतली माती: सगळे मऊ! आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ज्या गोणपाटावर तो निजे, ते मात्र कोरडे ठणठणीत. आपली निजायची जागा कुत्रा सहसा घाण करीत नाही. म्हणजे करायचे ते एवढेच, की त्याचे गोणपाट हळूहळू वाढवत साऱ्या घराएवढे करायचे.

तुळस उंच चौरंगावर गेली. मोत्याचा मुक्काम स्वयंपाकघराबाहेरच्या बोळकांडीत, सर्वांच्या नजरेसमोर. सकाळी उठल्याबरोबर, जेवणानंतर, झोप झाल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी त्याला इमारतीमागच्या मातीच्या तुकड्यावर न्यायचे. जागा रोज तीच. काम झाले की तिथल्या तिथे भाकरीचा तुकडा आणि शाबासकी. तुकडा घरी आल्यावर दिला तर बक्षीस जिना चढल्याचे आहे, अशी त्याची समजूत होते. फिनेलने फक्त आपल्या नाकाचे समाधान होते आणि अमोनियाचे द्रावण तर लघवीचीच आठवण करून देते. म्हणून वास मुळापासून मोडणारे एन्झाइमचे औषध आणले. त्याची किंमत ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्यात नवी सतरंजी आली असती."

प्रत्येक इमारतीत सल्ला देणारे एक निवृत्त गृहस्थ असतात. आमच्याकडचे म्हणाले, "नाक घासा त्याचं त्यात, आणि दोन ठेवून द्या." यावर आईच उसळली. "जनमेजयाच्या भावांनी हेच केलं ना? सरमेच्या पिलानं हविष्याला तोंडसुद्धा लावलं नव्हतं, तरी बडवलं. मग तिनं शाप दिला!" महाभारताच्या आदिपर्वातली ही कथा मी वर्गात सांगतो, पण इतक्या परिणामकारकपणे नाही. कुत्र्याचा 'अपराधी' चेहरा हा आपल्या रागावण्याला दिलेला प्रतिसाद असतो, केलेल्या कृत्याची कबुली नव्हे, असे अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली प्रयोगाने दाखवले. व्यासांच्या सरमेला ते आधीच ठाऊक असावे.

मी कॉलेजात आणि सौभाग्यवती कचेरीत. अकराची फेरी आईवर आली. पहिले काही दिवस ती साखळीभोवती पदर गुंडाळून धरी. लिफ्टची दोघांनाही धास्ती, म्हणून दोघे जिन्याने उतरत, मजल्यामजल्यावर थांबत. या थांब्यांवर आईला दुसऱ्या मजल्यावरची एक सातारकर बाई भेटली. मग फेरीला अर्धा तास लागू लागला. मोत्याची त्याबद्दल तक्रार नव्हती.

बोळकांडीतून स्वयंपाकघराचे दार, मग माजघरवजा खोली, मग दिवाणखाना, अशी गोणपाटाची हद्द सरकत गेली. मधे एकदा पाहुण्यांच्या गर्दीत पाऊल चुकले. ते कोणी मनावर घेतले नाही.

परवा, वसुबारसेच्या आदल्या रात्री, अवेळी पाऊस कोसळत होता. मोत्या दाराशी उभा राहून कुईकुई करू लागला. अशा पावसात कुठे जाणार, म्हणून मी न्हाणीघराकडे बोट दाखवले. तो हलेना. आतून आईचा आवाज आला, "अरे, ऊठ आणि दार उघड. आपल्या घरात नाही करायचा तो."

मी छत्री शोधायला उठलो.