रावेरखेडीच्या काठची एक तोळ्याची चूल

नर्मदेची संपूर्ण परिक्रमा करण्याइतके बळ आता पायांत उरलेले नाही. परंतु तिचा एखादा लहानसा भाग तरी पायी चालावा, ही इच्छा सेवानिवृत्तीपासून मनात होती. गेल्या पौषात ती सफल झाली. नातू यंत्रशास्त्राचे शिक्षण घेत आहे. त्यास सुटी होती. ओंकारेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही दोघे दक्षिण तटाने, नदी उजव्या हातास ठेवून, पश्चिमेकडे निघालो.

परिक्रमावासीयांस वाटेत सदाव्रत म्हणून कणीक, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा मिळतो आणि तो ज्याचा त्याने शिजवून घ्यावयाचा असतो. आमची शिदोरी आमच्याजवळ होती, परंतु चुलीचा प्रश्न होताच. घरचा पितळी स्टोव्ह बरोबर घ्यावा, असे मी म्हणताच नातू हसला व त्याने खिशातून तळहातात मावेल अशी एक चकचकीत वस्तू काढली. ती म्हणे चूल! वजन जेमतेम एक तोळा. शीतपेयाचे दोन रिकामे डबे हीच तिची सामग्री. पोरखेळ म्हणून मी ती बाजूस सारणार होतो. पण तिची रचना ऐकल्यावर गप्प बसलो.

दोन्ही डब्यांची बुडे सुमारे दीड इंच उंचीवर कापावयाची. एकाचा पेला होतो. दुसऱ्याच्या बुडाचा मधला खोलगट भाग कापून काढावयाचा व कडेने टाचणीने बारीक छिद्रे पाडावयाची. उरलेल्या पत्र्याच्या पट्टीचे कडे करून, त्याच्या खालच्या काठास दोनतीन खाचा देऊन, ते पेल्यात उभे करावयाचे आणि छिद्रांचे बूड वरून उपडे दाबून बसवावयाचे. पत्र्याच्या कडा फार धारदार असतात, तेव्हा हात जपावा. मध्ये स्पिरिट ओतून पेटविले की मिनिटभरात ते तापते. त्याची वाफ दोन भिंतींमधील पोकळीत कोंडते आणि छिद्रांतून जोराने बाहेर येऊन ज्वाळांचे कडे धरते. इतका पातळ पत्रा वितळत कसा नाही? आतील स्पिरिट 78 अंशांच्या सुमारास उकळते व पत्र्याची उष्णता सतत शोषून घेते, म्हणून. अडीच-तीन तोळे स्पिरिटात अर्धा लिटर पाणी उकळते. वजनास वजन घेतले तर रॉकेलच्या दोनतृतीयांशाहूनही कमी उष्णता स्पिरिट देते. म्हणून मुक्काम लांबला तर हा हिशेब उलटतो. दोघांच्या चार दिवसांस मात्र हीच चूल सोयीची.

तिसऱ्या दिवशी दोन प्रहरी रावेरखेडीस पोहोचलो. 28 एप्रिल 1740 रोजी थोरल्या बाजीरावांनी येथेच देह ठेवला. वयाची चाळिशीही गाठली नव्हती. समाधीपुढे मस्तक टेकवून आम्ही काठच्या एका खडकाच्या आडोशास बसलो. 1728 साली पालखेडास निजामाची कोंडी करताना जड सामान मागे ठेवून घोडदळ कसे दौडले, हे वर्गात मी कितीदा रंगवून सांगितले होते! तेच नातवास सांगत असताना चहाचे पाणी ठेवले होते. वारा होता, ऊन लख्ख होते. बोलता बोलता पाहतो तो चूल विझलेली. मी स्पिरिटाची बाटली उचलली आणि तिरपी करणार, तोच नातवाने माझे मनगट घट्ट धरले.

“आजोबा, थांबा!”

त्याने जवळचे वाळलेले गवताचे पाते उचलून चुलीवर धरले. ते क्षणात काळे होऊन पेटले. चूल विझलीच नव्हती! स्पिरिटाची फिकट निळी ज्वाळा उन्हात दिसतच नाही. आणखी एक क्षण गेला असता तर ती धारेबरोबर बाटलीत शिरली असती. मग माझे हात, आणि शेजारी बसलेल्या त्या पोराचे तोंड! “आधी नीट पाहा, मग करा,” असे आयुष्यभर मुलांस बजावणारा मी. पण येथे नुसते डोळ्यांनी पाहूनही भागले नव्हते. माझा हात बराच वेळ कापत होता. नातू काहीच बोलला नाही. चूल खरोखर विझून थंड होईपर्यंत त्याने वाट पाहिली, मग स्वतः स्पिरिट ओतले व चहा केला.

ज्या घरी अशी चूल करावयाची असेल तेथे चार नियम पाळावेत. बंद खोलीत ती पेटवू नये. जळत्या चुलीत स्पिरिट कधीही ओतू नये. विझविण्यास वर बसेल असे झाकण जवळ ठेवावे. आणि हे स्पिरिट विषारी असल्याने त्याची बाटली नाव लिहून पाण्यापासून वेगळी ठेवावी.

घरी परतल्यावर सौभाग्यवतींना हा प्रकार मी सांगितला नव्हता. नातवानेही सांगितला नाही. पण परवा अंगणात त्याच चुलीवर चहा करताना मी आधी गवताचे पाते धरलेले त्यांनी पाहिले व विचारले, “हे कोठून शिकलात?”

मी म्हणालो, “नातवाकडून.”