लाळ आटते तेव्हा

कपाशीवर फवारायचे औषध पंपात ओतले आणि पाणीच घातले नाही, तर ते पानापर्यंत पोचेल काय? तोंडाच्या बुरशीचेही तसेच आहे.

जानेफळात आमच्या थोरल्या भावाला खर्‍याने गालाचा कॅन्सर झाला. नागपूरला सहा आठवडे किरणोपचार झाले. आपल्याकडे ‘लाईट घेतले’ म्हणतात ते. धडधाकट माणसाला दिवसाला सुमारे 1 लिटर लाळ सुटते. जबड्यावर किरण पडले की लाळेच्या ग्रंथी पहिल्या आठवड्यापासूनच मंदावतात, लाळ चिकट होते. कॅन्डिडा नावाची बुरशी पुष्कळांच्या तोंडात निमूट राहत असते. तिला आवरणारी लाळ गेली की ती माजते. दादाच्या जिभेवर फाटलेल्या दह्यासारखा थर आला. वहिनी म्हणाल्या, उष्णता झाली. कित्येकदा पांढरे काहीच दिसत नाही, नुसती लाली आणि आग असते.

डॉक्टरांनी फ्लुकोनाझोल दिले. ही गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून लाळेत उतरते. निरोगी माणसाच्या रक्तात जेवढी तीव्रता, साधारण तेवढीच लाळेत. म्हणूनच ती तोंडाच्या बुरशीला चालते. पण लाळच थोडी, तर तोंड धुऊन काढणारे औषधही थोडेच. क्लोट्रिमाझोलच्या चघळायच्या गोळीचे तर आणखी अवघड, कारण ती लाळेतच विरघळायची असते. कोरड्या तोंडात ती खड्यासारखी पडून राहते. आधी दोन घोट पाणी घ्यावे, मग गोळी ठेवावी, आणि नंतर लगेच चूळ भरू नये. दोन दिवसांत आग थांबली म्हणून औषध सोडणारे पुष्कळ. थर पुन्हा येतो. कवळी असेल तर रात्री काढून स्वच्छ करावी, तीत बुरशी दडते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. फ्लुकोनाझोलने मधुमेहाच्या काही गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणार्‍या वॉरफॅरिनचा परिणाम वाढतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

दादाची लाळ वर्षभराने थोडी परतली. भाकरी अजून ताकात कुस्करूनच खातात. काहींची परतत नाही. आता कानापुढची लाळेची ग्रंथी शक्य तितकी वाचवून किरण देणारी यंत्रे आहेत. आपल्या रोग्याला ते जमेल का, हे पहिल्या लाईटच्या आधीच विचारा.